फोटोतल्या तेवीस मुली

"मुलांचं आम्ही बघतो, मुलींचं तू बघ," असं म्हणून आमच्या मॉनिटरनं फोन ठेवला तेव्हा मला वाटलं, दोन रविवारचं काम आहे. १९९४ ची दहावी, तुकडी ब, शाळा सोलापूरच्या पूर्व भागात. तीस वर्षं झाली, आता एकदा सगळ्यांनी भेटू या, असं ठरलं होतं. मुलांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आठ दिवसांत भरला, ३७ पैकी ३१. त्यांचं काय, दुकान तेच, घर तेच, आडनाव तेच. मुली किती? मला धरून तीन.

आमच्या हजेरीपटावर आधी मुलगे आणि मग मुली. पहिली मुलगी ३८ नंबर आणि शेवटची मी, ५९. म्हणजे मुली २२. शेवटच्या नंबरचं मला चांगलं लक्षात आहे, कारण तोंडी परीक्षेला माझी पाळी येईपर्यंत सर डबा खायला उठलेले असायचे. पण निरोप समारंभाचा फोटो काढून मोजलं तर मुली २३. दोनदा मोजलं, नवऱ्याकडून मोजून घेतलं. तेवीसच. दुसऱ्या ओळीत डावीकडून तिसरी, लंगा-ओणी म्हणजे परकर-ओढणी नेसलेली, दोन वेण्या वर बांधलेल्या, सगळ्या समोर बघतायत आणि ही कुठंतरी बाजूला. नाव आठवेना. वर्षाच्या मधेच कुणी दाखल झाली असेल, ६० नंबर, असं म्हणून मी तिला यादीत शेवटी टाकलं.

फेसबुकवर मुली सापडत नाहीत, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आडनाव बदलतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्यातल्या कितीतरी जणींचं नावही गेलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव फक्त आईच्या तोंडात उरतं, आणि आई गेली की तिथूनही जातं. मी ज्या नावानं शोधत होते त्या नावाची बाई जगात नव्हतीच.

शाळेत जाऊन विचारलं. ऑफिसातले लिपिक सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, जनरल रजिस्टर असं दाखवता येत नाही. ज्याचा दाखला त्यानंच अर्ज करायचा." तेव्हा राग आला. मी स्वतः बँकेत आहे, दुसऱ्याचं खातं उघडून दाखवा म्हणणाऱ्यांना मी रोज हेच सांगते, हे बाहेर पायरीवर आल्यावर लक्षात आलं. निघताना त्यांनीच वर सांगितलं, "गल्लीत विचारा की."

गल्लीत म्हणजे अक्कांना. साखर पेठेत आमचं घर होतं तेव्हा भिंतीला भिंत लागून अक्कांचं घर. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि पलीकडच्या लिंगायत काकूंशी भांडण असेल तर कानडी. वय ऐंशीच्या पुढं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, लिहिता-वाचता येत नाही. मला बघून "बागुन्नावा?" म्हणाल्या, आणि बरी आहे की नाही हे ऐकायच्या आत चहा टाकायला सुनेला हाक मारली.

मी फोटो मोठा करून नेला होता. अक्कांनी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत जायला सुरुवात केली. नाव एकीचंही घेतलं नाही. "ही पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली. गुलबर्ग्याला दिली. दोन पोरं. ही मागवाल्याची, हिचा बाप भिवंडीला गेला, सगळं बिऱ्हाड घेऊन. ही बोळातली, हिची आई पापड लाटायची, धाकट्या भावाचं कन्ना चौकात मोबाईलचं दुकान आहे, त्याला विचार. ही शेंगावाल्यांची. हिचं काही चांगलं झालं नाही." दीड तासात अकरा जणींचा पत्ता लागला. पत्ता म्हणजे घर नंबर नव्हे. कुणाची कोण, कुठं दिली, आणि आता कुणाला विचारायचं.

एक गोष्ट तेव्हाच कळली. आम्ही एकमेकींना बाकावरून ओळखत होतो, अक्का आम्हाला घरावरून ओळखत होत्या. बाक तीन-चार वर्षांचं असतं. घर तीन पिढ्यांचं.

लंगा-ओणीवालीवर बोट आलं तेव्हा अक्का थांबल्या. फोटो डोळ्याजवळ नेला, लांब नेला. "ही आपल्या पेठेतली नाही." मग दाजी पेठेतली असेल, मी म्हटलं. "दाजी पेठेतली पण नाही," अक्का म्हणाल्या. मी ते मनावर घेतलं नाही. वयामुळं विसरल्या असतील असं वाटलं.

४६ नंबर मात्र त्यांनी लगेच ओळखली. "ही भूकंपाच्या रात्री तुझ्याजवळ बसली होती की."

बसली होती. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनाची रात्र. बाबा मिरवणुकीतून येऊन गुलालाच्याच अंगानं आडवे झाले होते. पहाटे चारच्या सुमाराला पत्रे थडथडले, फळीवरची पितळेची भांडी एकेक करून खाली आली, आणि सगळी गल्ली रस्त्यावर. किल्लारीचं नाव तेव्हा आमच्यातल्या कुणी ऐकलेलं नव्हतं, ते दिवस उजाडल्यावर रेडिओवर कळलं. त्या अंधारात ४६ नंबर माझ्या शेजारी चादर गुंडाळून बसली होती आणि मोजत होती. तिची सहा भावंडं, आजी, आई, मग शेजारचे, मग आम्ही. एकदा मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, काय करूलालीस गं? म्हणाली, "कोण कमी नाही ना बघूलाले."

वर्गात गणितात तिच्या पुढं कुणी नव्हतं. सर फळ्यावर उदाहरण पूर्ण लिहायच्या आत ती उत्तर वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवायची आणि हातानं झाकायची.

ती कुंभारीला आहे, विडी कामगारांच्या घरकुलात, असं अक्कांच्या सुनेनं सांगितलं. अक्कलकोट रोडनं रिक्षा करून गेले. गोदुताई परुळेकरांच्या नावाची ती वसाहत, दहा हजार घरं, २००६ ला बायकांना किल्ल्या मिळाल्या. एकसारख्या घरांच्या रांगांत मी अर्धा तास फिरले. शेवटी एका दारात मांडीवर सूप घेऊन बसलेली बाई दिसली आणि मान खाली घालायच्या पद्धतीवरून ओळखलं.

"कोण पाहिजे?"

"एकोणसाठ," मी म्हटलं.

तिनं वर बघितलं. हातातली विडी वळून पूर्ण केली, टोक नखानं दुमडून आत दाबलं, सुपात ठेवली आणि मग हसली. "लई जाड झालीस बे."

दोन तास बसले. ती बोलत होती आणि हात चालू होते. भिजवलेलं पान फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखूची चिमूट, वळायचं, दोरा. मी बघत होते ते मोजणं. पंचवीस झाल्या की हात आपोआप थांबायचा आणि जुडी बांधायचा. डोळे माझ्याकडं, तोंडात मुलीच्या नर्सिंगची गोष्ट, आणि एकदाही चूक नाही. मी गुपचूप एक जुडी मोजली. तिनं बघितलं, पण काही बोलली नाही.

येणार नाही म्हणाली. उद्याचा माल द्यायचा असतो, मजुरी हजारावर, आणि आता बोटं ऐकत नाहीत, दिवसाला हजार होत नाहीत. मग हळूच म्हणाली, "आणि ते पंधराशे." वर्गणीचा आकडा तिच्यापर्यंत माझ्याआधीच पोचला होता.

परत येऊन मी ग्रुपवर भांडले. खरंच भांडले. मॉनिटरचं म्हणणं, ज्याला परवडत नाही त्याचे आपण भरू, त्याला कळणारही नाही. मी म्हटलं, तिला सगळ्यात आधी कळेल, ती मोजणारी आहे. चार दिवस कुणी कुणाशी बोललं नाही. मग ठरलं की वर्गणी नाहीच. दारात डबा ठेवायचा, झाकणाला फट, ज्याला जमेल तेवढं. टॉवेलचा कारखाना असलेल्या एकानं जेवणाचा खर्च उचलला. त्या बदल्यात त्याला प्रवेशद्वारावर स्वतःचा फोटो असलेला मोठा फ्लेक्स हवा होता. नेमकी ऑक्टोबरात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि मुख्याध्यापकांनीच सांगून टाकलं, फ्लेक्स नाही, स्पीकर नाही. निवडणूक आयोगाचे उपकार.

तारखेवरूनही झालंच. पुण्याच्या मुलांना डिसेंबरातला रविवार पाहिजे होता. मी म्हटलं, डिसेंबरात कुठलीही बाई माहेरी नसते. भाऊबीज ३ नोव्हेंबरला, तर ४ तारीख, सोमवार. सुट्टी काढा. काढली बिचाऱ्यांनी. अमेरिकेतून येणारा एकजण हुरडा मागत होता. नोव्हेंबरात, ज्वारी नुकती कुठं पेरलेली! सोलापूर सोडून वीस वर्षं झाली की माणसाच्या डोक्यातल्या सगळ्या सुगी एकाच महिन्यात येतात.

दिवाळीपर्यंत बावीसच्या बावीस लागल्या. दोघी गेलेल्या होत्या, एक कोरोनात आणि एक फार पूर्वी, पहिल्या बाळंतपणात. त्यांच्या आयांना आम्ही दोघी-तिघी जाऊन भेटून आलो, त्याबद्दल इथं लिहीत नाही. एक दोह्याला होती, रजा नव्हती. तिघींच्या घरच्या अडचणी होत्या. आणि एकीनं फोनवर शांतपणे सांगितलं, "मला त्या शाळेतलं काही आठवायचं नाही. पुन्हा फोन करू नकोस." मी केला नाही. ग्रुपवर कारण विचारणाऱ्यांना 'तिला जमत नाही' एवढंच सांगितलं.

राहिली फोटोतली तेविसावी. ग्रुपवर तिचा चेहरा गोल करून टाकला आणि गंमत सुरू झाली. सगळ्यांना ती आठवायला लागली. ५३ म्हणाली, ती गाणं म्हणायची, गॅदरिंगला पहिला नंबर. ४० म्हणाली, छे, ती माझ्या बाकावर होती, अबोल, कंपासपेटीत चिंच ठेवायची. एका मुलानं मला वेगळा मेसेज करून कळवलं की तिनं त्याला भूगोलाची वही दिली होती आणि ती परत करायची राहून गेली, ती आली तर आधी सांग. चाळीस वर्षांच्या पुढच्या, दोन मुलांच्या बापाचा मेसेज. मलासुद्धा भूकंपानंतर आम्ही शाळेच्या पटांगणात बसलो होतो तेव्हा ती होती असं अंधुक दिसायला लागलं.

४ तारखेला सकाळी दहाची वेळ दिली होती. पावणेदहाला पुणे, मुंबई, हैदराबाद सगळे हजर, परफ्यूम लावून. सोलापूरच्या मुली एक नाही. साडेदहा झाले, अकरा झाले. मुंबईकर घड्याळ बघायला लागले. मी फोन लावला तर पलीकडून कळशीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज. आमच्या भागात तेव्हा नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं आणि नेमकं त्या दिवशी आलं होतं. गेट-टुगेदर तीस वर्षांनी असलं तरी पाणी सोडून कोण येणार? साडेअकरानंतर एकेक येत गेल्या, नव्या साड्या, आणि काठ भिजलेले. दारातल्या डब्यात पैसे टाकून आधी पंखा शोधत होत्या.

४६ नंबर बाराला आली, मुलीच्या स्कूटीवरून. डब्याजवळ थांबली, पदराची गाठ सोडली आणि घडी केलेली नोट आत टाकली. किती ते मी बघितलं नाही.

घंटा, हजेरी, राष्ट्रगीत, सरांच्या पाया पडणं, हे सगळीकडं होतं तसं आमच्याकडंही झालं. स्पीकर नसल्यामुळं भाषणं पाच मिनिटांत आटोपली. कडक भाकरी, शेंगाचटणी, वांग्याची भाजी, वर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. पुण्याच्या डाएटवाल्यांनी तीन-तीन वाट्या खाल्ली.

जेवणं झाल्यावर शिवणाच्या बाई सावलीला खुर्ची घेऊन बसल्या होत्या. बाई आता सत्तरीच्या पलीकडं. मी फोटो त्यांच्यापुढं धरला. बाई, ही कोण, चार महिने शोधतोय. मागं आठ-दहा जणी आणि तो भूगोलाची वहीवाला.

बाईंनी चष्मा वर केला. "ही? ही माझी भाची. सिकंदराबादची. लग्नाला आली होती, त्या दिवशी घरी कुणी नव्हतं म्हणून शाळेत आणली. फोटोवाला 'चला चला' म्हणाला आणि ही पण जाऊन उभी राहिली."

कुणीच काही बोललं नाही. ५३ नंबरनं पदर तोंडाला लावला. वहीवाला पाणी प्यायला गेला.

"हैदराबादला असते ती आता," बाई म्हणाल्या, "नंबर देऊ का?"

घेतला. त्याच रात्री तिला ग्रुपमध्ये घेतली. तिला मराठी बोलता येत नाही, पण सकाळी सहाला तिचा पहिला शुभ सकाळ येतो, फुलाचा, आणि त्याला सगळ्यात आधी अंगठा देतो तो वहीवाला.