डोळे कोणत्या झाडाचे घ्यायचे?

मी संत्र्याची कलमं बांधून विकते. हिवाळ्यात आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोडणी सुरू झाली की काटोल-कळमेश्वरकडून हमखास फोन येतो, "ताई, आमच्या बगीच्यातलं एक झाड पाहून जा. लय लदते. त्याचेच डोळे बांधा." डोळा म्हणजे काडीवरचा कोंब, तो दुसऱ्या रोपावर बांधला की कलम होतं. झाड पाहायला मी जाते, पण फळांनी लदलेल्या दिवसांत नाही, मे महिन्यात. नागपूरकडच्या संत्र्याची खरी परीक्षा तेव्हाच असते. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. असे उन्हाळे काढून जे झाड उभं आहे, त्याच्याशीच मला बोलायचं असतं.

भर दुपारी पानं सगळीच वळतात, त्यावरून काही ठरत नाही. मी सकाळी सहाला पाहते. रात्रीतून पान पुन्हा उघडलं का? शेंडे वाळत खाली आलेत का? सल, म्हणजे वाळलेल्या काड्या, किती निघते? बुंध्याशी, जमिनीलगत डिंक ओघळलाय का? मग मालकाला पहिला प्रश्न, पाणी कुठून येतं. एकदा एका काकांनी मोठ्या कौतुकानं झाड दाखवलं आणि मग म्हणाले, "विहिरीच्या पाटावरच हाय ना ते!" म्हणजे ताकद झाडाची की पाटाची, कसं सांगणार?

म्हणून एका झाडावर एका भेटीत माझा विश्वास बसत नाही. पसंत पडलेल्या प्रत्येक झाडाचे थोडे डोळे आणायचे, एकाच वयाच्या जंबेरी खुंटांवर (जंबेरी या लिंबाच्या रोपांवर, मुळं त्यांची राहतात) बांधायचे आणि ती कलमं शेजारशेजारच्या ओळींत बरड, हलक्या जमिनीच्या तुकड्यावर लावायची. कलम म्हणजे तेच झाड, फक्त दुसऱ्या मुळांवर. एका ओळीतलं एखादंच कलम रुसलं तर दोष खुंटाचा किंवा खड्ड्याचा. सगळी ओळच मागे पडली तर ते आईकडून, म्हणजे डोळे दिलेल्या झाडाकडून आलेलं. आणि ज्या ओळीची कलमं पाण्याची पाळी चुकली तरी शेंडा धरून राहतात, तिच्यातूनच पुढची मातृझाडं, म्हणजे डोळे घ्यायची झाडं, निवडायची. फळाची चव, साल, बिया हे त्यानंतर. याला वर्षं लागतात. घाई करणाऱ्यांना मी कलमं विकत नाही, त्यांना ते आवडत नाही, पण बगीचा वीस-पंचवीस वर्षांचा सौदा आहे.

खुंटही सारखे हवेत, नाहीतर तुलनाच खोटी. जंबेरीच्या एका बीमधून बहुधा एकाहून जास्त रोपं निघतात. त्यातली बरीचशी आईसारखीच असतात, काही मात्र परागीकरणातून आलेली, वेगळी. वाफ्यात फार उंच किंवा फार खुजी दिसणारी रोपं मी उपटून टाकते. गड्यांना जीवावर येतं, मला येत नाही.

आता सर्वात महत्त्वाचं. काटक दिसणारं झाड निरोगी असेलच असं नाही. जंबेरीवरचं संत्रं ट्रिस्टेझा हा विषाणूरोग पचवून हिरवंगार उभं राहू शकतं. त्याचा डोळा घेतला की रोगही सोबत येतो, आणि मावा तो शेजारच्या कागदी लिंबावर नेऊन त्याची वाट लावतो. ग्रीनिंग या जिवाणूरोगाचंही तसंच. सुरुवातीला एखाद्याच फांदीवर पिवळेपणा दिसतो, लोक जस्ताची फवारणी करत बसतात. जस्त कमी असेल तर पानाच्या दोन्ही बाजू सारख्या पिवळ्या पडतात, ग्रीनिंगमध्ये मध्यशिरेच्या एका बाजूचे डाग दुसरीशी जुळत नाहीत. पण डोळ्यांवर भरवसा ठेवून डोळे काढू नयेत. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आपल्या नागपुरातच आहे. मातृझाडाची तपासणी करूनच काडी कापायची, आणि निवडलेलं झाड बारीक जाळीच्या आत ठेवायचं, म्हणजे सायला (ग्रीनिंग पसरवणारी कीड) आणि मावा पोचत नाहीत.

काडी घेतानाही फांदी ओळखीची हवी. पानसोटाची, म्हणजे सरळ वाढणाऱ्या फळ न देणाऱ्या फुटव्याची काडी मी घेत नाही, कितीही जोमदार असली तरी. फळ पाहिलेल्या फांदीवरची, गोल झालेली काडी घ्यायची, पानं देठ ठेवून छाटायची, ओल्या पोत्यात गुंडाळायची आणि त्याच दिवशी बांधायची.

कलमं घ्यायला कुठंही जा, विक्रेत्याला मातृझाड दाखवायला सांगा. फळं लागलेल्या दिवसांत नाही, मे महिन्यात.