चौथा महिना: उसन्या वाक्यांचा हिशेब

ठरल्याप्रमाणे या महिन्यात दोन कथा व्हायला हव्या होत्या. झाली अर्धी. उरलेला सगळा वेळ तिसऱ्या महिन्यातल्या कथेची चिरफाड करण्यात गेला.

दोन बहिणी आणि बंद पडलेलं शिलाई मशीन, ती कथा. मागच्या नोंदीत जिच्यावर मी फार खूश होते तीच. मोठ्यानं वाचताना खटकलं की परिच्छेदामागून परिच्छेद एखाद्या तोकड्या वाक्यावर आपटून थांबतोय. ‘ती उठली.’ ‘दिवा गेला.’ मोजलं, तर 31 पैकी 23 परिच्छेद तसेच. ही लकब माझी नाही. ज्या लेखकाची पारायणं करता करता मी लिहायला लागले, त्याची आहे. बहिणी माझ्या, भांडण माझं, मशीनही माझंच, पण चाल त्याची.

आजवर मी पहारा दिला तो कथानकावर. ‘हे आधी कुणी लिहिलं असेल तर?’ या धास्तीनं दोन बऱ्या कल्पना जन्मायच्या आधीच मारल्या आहेत. आणि इकडे मागचं दार सताड उघडं.

मग आनंदवर्धन काढला. नवव्या शतकातला काश्मीरचा हा पंडित ‘ध्वन्यालोक’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या शेवटच्या उद्द्योतात, म्हणजे प्रकरणात, नेमका हाच प्रश्न घेऊन बसलाय. दोन कवींच्या रचनेतल्या साम्याला तो ‘संवाद’ म्हणतो आणि त्याचे तीन प्रकार करतो: आरशातल्या प्रतिबिंबासारखं, चित्रासारखं, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या माणसांसारखं. पहिली दोन टाळावीत, तिसऱ्याला त्याची ना नाही. चेहरा मिळताजुळता असला म्हणून दोन माणसं एक होत नाहीत. प्रत्येकात जीव वेगळा. त्याच्यानंतरचा राजशेखर जास्त बेरकी. तो ‘काव्यमीमांसे’त सरळ म्हणतो की चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला व्यापारीही नाही; ज्याला लपवता येतं तो निंदा न होता मजेत राहतो. वाचून हसू आलं, पण माझ्या कामाला आनंदवर्धनच आला.

तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन कथा पुन्हा वाचली. रुसलेल्या बहिणी हा विषय जुनापुराणा, तो तिसऱ्या प्रकारात. त्याला हातही लावला नाही. ते 23 शेवट दुसऱ्या प्रकारात: बाह्यरेषा हुबेहूब, आत जीव नाही. पहिल्या प्रकारात काही सापडणार नाही अशी खात्री होती. सापडलं. मशीनच्या आवाजाची एक उपमा, जी मला कथेतली सगळ्यात ‘माझी’ वाटत होती, ती जुन्या वहीत जशीच्या तशी निघाली. माझ्याच अक्षरात, पण अवतीभवती सगळी उतरवून घेतलेली वाक्यं. मूळ कुणाचं ते लिहिलेलंच नाही. उपमा काढून टाकली. तो परिच्छेद अजून लंगडतोय.

हे आठवलं की हेलन केलरचं प्रकरण अंगावर येतं. अकरा वर्षांची असताना तिनं हिमराजाची एक गोष्ट लिहून वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. 1892 साली ती छापली गेली आणि मार्गारेट कॅनबी यांच्या आधीच्या गोष्टीशी इतकी जुळली की त्या मुलीची चौकशी झाली. कॅनबींची गोष्ट आपल्याला कधी कुणी सांगितल्याचं तिला आठवतच नव्हतं. पुढे आत्मचरित्रात तिनं लिहिलंय की तेव्हापासून लिहिताना हे वाक्य माझंच ना, अशी भीती मनात असायची. माझी वही निदान साक्षीला तरी आहे. आता उतारे निळ्या शाईत, मूळ नाव आणि पानासकट. माझं ते काळ्या शाईत.

दुसरा प्रयोग बेंजामिन फ्रँकलिनचा. तरुणपणी तो आवडत्या नियतकालिकातल्या लेखांच्या वाक्यावाक्याची त्रोटक टिपणं करायचा, काही दिवस ती बाजूला ठेवायचा आणि मग लेख स्वतःच्या शब्दांत पुन्हा उभा करून मूळाशी ताडून बघायचा. तो हे चुका सुधारायला करत होता. मी उलट बाजूनं वापरलं: जिथे चुकले ते जपून ठेवलं. आवडत्या लेखकाचं एक पान घेतलं, टिपणं केली, सहा दिवसांनी लिहायला बसले. तो जिथे पूर्णविराम देतो तिथे माझ्या हातून ‘आणि’ येतं. दर वेळी. तो खोलीतल्या वस्तू सांगतो, मी त्या कुणी तिथे ठेवल्या ते सांगत बसते. एका पानावरून फार बोलू नये हे कळतं. पुढच्या महिन्यात आणखी तीन पानं, वेगवेगळ्या लेखकांची.

23 शेवटांपैकी 14 उडवले आणि परिच्छेद आपोआप पुढच्यात मिसळले. पाच ठेवले, कारण तिथे धाकटी खरंच बोलणं तोडते. चार अडले आहेत.

नव्या अर्ध्या कथेत वाक्यं लांबली आहेत, तीन-तीन ओळींची. काल वाचून बघितली. तोकडी चाल गेली खरी, पण आता त्यात एका वेगळ्याच लेखिकेचा सूर ऐकू येतोय.