मैदानावर फाइल कशाला?

हौशी कबड्डी, रात्रीचे सामने, बक्षिसाला ढाल. तिथे उत्तेजकांसाठी लघवी तपासायला कोण येतंय? मग बॅगेत डॉक्टरांची फाइल कशाला? गुहागरपासून दापोलीपर्यंत मला हेच विचारतात.

मला टाइप १ मधुमेह आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, बाहेरून घेतलं नाही तर मी जगणार नाही. आणि खेळात उत्तेजकांवर बंदी घालणाऱ्या 'वाडा' या जागतिक संस्थेच्या यादीत तेच इन्सुलिन आहे, स्पर्धा असो वा नसो. यादी पूर्ण कोणी वाचत नाही, पण मोबाइलवर ही एक ओळ सगळ्यांना सापडते.

दापोलीजवळ एका गावात उपांत्य सामना लांबला, म्हणून मंडपामागे पोहे खायला बसलो. त्याआधी पोटाची चिमूट धरून इन्सुलिनचं पेन टोचलं, नेहमीपेक्षा कमी डोस, दहा आकडे मोजून सुई काढली. समोरच्या संघातल्या एका पोराने पाहिलं. माझ्या पहिल्याच चढाईला बाजूने ओरडा झाला, "इंजेक्शन मारून उतरलाय!" पंचांनी शिट्टी मारली. माइकजवळ बोलावून पेन दाखवायला लावलं. लाल मातीने माखलेल्या हातात ते निळं पेन आणि समोर अख्खं गाव. "साखरेचं आहे," म्हटलं, तर मागून आवाज आला, "एवढ्याशा पोराला कसली साखर?" मला बाहेर बसवलं. घरी येताना गाडीवर बाबा एवढंच बोलले, "पुढच्या वेळी घरूनच टोचून ये." ते सगळ्यात जास्त लागलं. घरून टोचून निघालो आणि खाणं लांबलं, तर साखर उतरते, हात थरथरतात, शुद्धही हरपते. लपवायचं म्हणजे जिवाशी खेळायचं.

तेव्हा मी म्हणायचो, आजारी माणसाला नियम कशाला? आज तसं म्हणवत नाही. धडधाकट लोक अंग कमवायला इन्सुलिन टोचतात, म्हणून तर ऑलिंपिक समितीने १९९८ मध्ये बंदी घातली. आणि उपचारासाठी सूटही नियमातच आहे. निदानाचे रिपोर्ट, डॉक्टरांची चिठ्ठी जोडून 'नाडा'कडे, म्हणजे आपल्या देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेकडे, अर्ज करायचा. माझ्यासारख्या हौशी खेळाडूला तपासणीनंतर मागाहूनही करता येतो. त्याचेच कागद फाइलमध्ये आहेत.

'नाडा'ला ते दाखवायला माझी ना नाही. पण समोरच्या कप्तानाने माझ्या रक्ताचे रिपोर्ट का चाळायचे? वसीम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह निघाला, पुढे २००३ पर्यंत तो खेळला. त्याला कोणी गावासमोर पेन दाखवायला लावलं नसेल. तरी मी फाइल उघडतो, कारण मला खेळायचंय. हे बरोबर की चूक, मलाच ठरवता आलेलं नाही. बाबा अजून म्हणतात, आडोशाला टोच. मी मंडपात, सगळ्यांदेखत टोचतो, आणि त्यावरून आमचं अजून वाजतं.