पेशीचं नाव लगेच सांगायचं नाही

आमच्या लॅबमध्ये एक नियम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली दृष्टिपटलातली, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यातली, पेशी कितीही ओळखीची वाटली तरी तिचा प्रकार जाहीर करायचा नाही. आधी तिचा आकार, प्रकाशाला ती देते तो प्रतिसाद आणि तिच्यातली चालू जनुकं, तिन्हींची साक्ष जुळली पाहिजे. तोवर वहीत नुसता नंबर. इथे आल्यावर या नियमाचा मला फार राग यायचा.

आपण दृष्टिपटलातल्या चेतापेशी पाठ करून आलेली माणसं: प्रकाश टिपणारे दंड-शंकू, मधल्या हॉरिझॉन्टल, द्विध्रुवी, अमाक्राइन आणि मेंदूकडे निरोप नेणाऱ्या गँग्लियन. झोपेतून उठवून विचारलं तरी थर क्रमाने सांगू. या पाठांतराला कुणी नावं ठेवली की मला आजही झोंबतं. मासा घ्या, बेडूक घ्या, पक्षी किंवा माणूस, पृष्ठवंशीयांच्या दृष्टिपटलाची मूळ मांडणी हीच असते. इथली नवी मुलं आकृतीवर बोट फिरवत थर शोधतात, तेव्हा मी पुढच्या कामाला लागलेली असते.

पण ती नावं म्हणजे नुसती घराणी. घरातली माणसं वेगळीच. एकट्या उंदरात द्विध्रुवी पेशींचे सुमारे 15 प्रकार, गँग्लियनचे 40हून जास्त आणि अमाक्राइनचे 60च्या वर. स्पॅनिश शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहालने 1893 साली गोल्जी या शास्त्रज्ञाच्या चांदीच्या रंजनपद्धतीने, निव्वळ आकार पाहून, यातले कितीतरी वेगळे काढले होते. त्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात. पण आकार सगळं सांगत नाही.

स्टारबर्स्ट अमाक्राइन पेशीच बघा. रंग भरला की मधल्या इवल्याशा पेशीकायेतून चहूबाजूंना फांद्या पसरलेल्या दिसतात, पुन्हा पुन्हा दुभंगणाऱ्या, टोकाकडे बारीक फुगीर गाठी असलेल्या. कुठूनही पाहा, सारखीच दिसते. आता प्रकाशाचा पट्टा तिच्यावरून सरकवा. पट्टा केंद्राकडून टोकाकडे गेला की त्या फांदीत कॅल्शियम चांगलंच वाढतं. टोकाकडून केंद्राकडे आला की बरंच कमी. म्हणजे एकाच पेशीची प्रत्येक फांदी आपापली दिशा राखून असते! बार्लो आणि हिल या संशोधकांना सशाच्या दृष्टिपटलात ठरावीक दिशेच्या हालचालीलाच प्रतिसाद देणाऱ्या गँग्लियन पेशी सापडल्या. बार्लो आणि लेव्हिक यांनी केलेला त्या पेशींचा सविस्तर अभ्यास 1965चा. नको त्या दिशेला त्यांना गप्प बसवण्याचं काम मुख्यत्वे या स्टारबर्स्ट पेशी करतात. हे पडद्यावर प्रत्यक्ष पाहिलं आणि नियमावरचा माझा राग ओसरला.

गँग्लियन पेशी फक्त पुढे निरोप पोचवतात, असं आपण शिकलो. 2002मध्ये पक्कं झालं की त्यांतल्या थोड्या पेशींत मेलानॉप्सिन हे प्रकाशसंवेदी प्रथिन असतं आणि त्या स्वतःच प्रकाश टिपतात. दंड-शंकू नष्ट झालेल्या उंदरांचंही दिवस-रात्रीचं चक्र त्यांच्यामुळे प्रकाशाशी जुळतं. हिवाळ्यात अंधारात लॅब गाठायची, आत मंद लाल उजेडात काम करायचं आणि अंधारातच परतायचं. घरची आठवण अशा दिवसांत फार छळते. त्याला माझ्या या पेशींची उपासमार थोडी तरी जबाबदार आहे, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या पुस्तकांत हे नव्हतं, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. तो पाया नसता तर इथला एकही पेपर मला कळला नसता. तो माझ्याकडे आहे, म्हणूनच या नियमाची किंमत मला कळली, असं मी म्हणेन.

घरून फोनवर विचारतात, एवढे प्रकार मोजून कुणाचं भलं होणार? काचबिंदूत ज्या मरतात त्या गँग्लियन पेशीच. पण उंदरात दृष्टिचेता (डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस) चिरडली तर त्या सगळ्या सारख्या मरत नाहीत: काही प्रकार झपाट्याने जातात, तर अल्फा नावाच्या गँग्लियन पेशी आणि मेलानॉप्सिनवाल्या पेशी बऱ्याच तग धरतात. का, हे शोधायचं तर आधी जगलेली कोण आणि गेलेली कोण, हे खात्रीने सांगता आलं पाहिजे.