त्या हत्तिणीचं दूध आटलं होतं का?

उत्तर केनियात 2022 साली सलग पाचवा पावसाळा कोरडा गेला. त्या वर्षी फेब्रुवारी ते ऑक्टोबर या काळात देशभरात 205 हत्ती मेल्याचं सरकारनेच जाहीर केलं. तिथल्या अनाथ हत्तींच्या एका केंद्रात मी पशुवैद्य आहे. त्या दुष्काळातली एक केस मला अजून सोडत नाही.

सांबुरू या गुरं पाळणाऱ्या जमातीच्या मुलखात दुष्काळात पाणी म्हणजे कोरड्या नदीपात्रातले झिरे. आपल्या मराठवाड्यात वाळू उकरून काढतात तसेच, फक्त खोली दोन-तीन पुरुष. दिवसा गुरं पाणी पितात, रात्री हत्ती. अंधारात एखादं पिल्लू आत घसरलं तर कळप पहाटेपर्यंत धडपडतो आणि गुराखी आले की निघून जातो.

त्या दिवशी पोरांनी दोर लावून मादी पिल्लू वर काढलं होतं. कानांची मागची बाजू गुलाबी, नखं मऊ, नाळेचा सुकलेला तुकडा तसाच. जेमतेम दोन आठवड्यांची असेल. "काय पाजलं?" हे मी आधी विचारलं. गाईचं दूध! हत्तीच्या पिल्लाला त्यातली चरबी पचत नाही, जुलाब लागतात आणि त्यातच ते जातं. अनाथ हत्ती वाढवणाऱ्या डॅफ्नी शेल्ड्रिक यांना नैरोबीत यावर तोड काढायला कित्येक वर्षं लागली. शेवटी तान्ह्या मुलांची दूधभुकटी आणि खोबरेल तेल यांचं मिश्रण पिल्लांना मानवलं. पुढे सांबुरूतच रेटेटीच्या अनाथ हत्ती केंद्राने शेळीच्या दुधावरही पिल्लं वाढवून दाखवली. गावोगाव सांगतो, मीठ-साखरेचं पाणी द्या, दुसरं काही नको. पण ते दूध पाजणाऱ्या बाईवर रागावता येईना. घरात पोरांना पुरत नसताना तिने ते दिलं होतं.

मला धास्ती होती ती फुप्फुसांची. हत्तीची फुप्फुसं छातीच्या भिंतीला चिकटलेली असतात, मध्ये पोकळी नसते. छातीवर भार आला की श्वास कोंडतो, म्हणून पिल्लाला कुशीवरच निजवायचं. उजव्या बाजूला घरघर ऐकू येत होती, म्हणजे गढूळ पाणी आत गेलं होतं. सलाईन कानामागच्या शिरेत लावतात, पण अंगातलं पाणी आटलं की ती शीर हाताला लागतच नाही. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं कानावर धरून ठेवलं, तेव्हा कुठे ती जरा फुगली.

पहिला नियम असा की पिल्लू कळपाला परत द्यायचं. ते जमलं नाही तरच उचलायचं. केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिस या सरकारी वन्यजीव खात्याला कळवलं, गर्दी हटवली आणि वाऱ्याची दिशा बघून लांब बसलो. फोटो काढणाऱ्यांना मागे सारण्यातच अर्धा दिवस गेला.

संध्याकाळी कळप आला. डाव्या कानाला खोल चीर असलेली एक हत्तीण सरळ पिल्लाकडे आली, सोंडेने तिला हुंगत राहिली. पिल्लू तिच्या पोटाखाली शिरून पुढच्या पायांमध्ये तोंड मारू लागलं, कारण हत्तिणीची आचळं तिथेच असतात. हत्तीण बराच वेळ उभी राहिली. मग पायाने तिला बाजूला सारलं आणि कळपामागे निघून गेली. पिल्लू थोडं धावलं आणि बसकण मारली.

आमचे मुख्य केअरटेकर दुर्बिणीतून बघत होते. वडीलधारे म्हणून सगळे त्यांना म्झे म्हणतात. म्हणाले, "दाक्तारी, हिला दूध नाही. स्तन सुकलेत."

मी म्हटलं, रात्रभर थांबू. म्झे म्हणाले, तरस थांबणार नाहीत आणि हिची छातीही थांबणार नाही. परवानगी मिळवून आम्ही तिला उचललं. तशी वेळ आज आली तरी मी हेच करीन. पण ती हत्तीण आई होती, की कळपातली दुसरीच कुणी, हे तेव्हा कळलं नाही.

पिल्लू जगलं, ते म्झेंमुळे. दर तीन तासांनी बाटली, रात्रीसुद्धा. बाटली नुसती तोंडाशी धरून भागत नाही. उभ्या टांगलेल्या घोंगडीखालून ती द्यायची, म्हणजे सोंड टेकवायला आईच्या कुशीसारखं काहीतरी मिळतं. शेजारी झोपणारा माणूस रोज बदलायचा. शेल्ड्रिकबाईंच्या आयेशा नावाच्या पिल्लीला त्या एकट्यांचाच लळा लागला होता, त्या थोडे दिवस बाहेर गेल्या आणि तिने खाणं सोडून जीव सोडला. तिथपासूनचा हा धडा. म्झे लीद बघून आणि कान चाचपून ताप सांगतात, माझा थर्मामीटर नंतर येतो. पगाराच्या कागदावर मात्र ते 'मदतनीस' आहेत. ते मला पटत नाही आणि मी ते वर लिहूनही दिलंय.

आता तिचं दूध तोडलंय, तिला रानात सोडायची तयारी चालू आहे. आणि यंदाच्या पावसात त्याच नदीपात्रात, डाव्या कानाला तीच चीर असलेली हत्तीण दिसली. सोबत तान्हं पिल्लू, स्तन भरलेले. कानांच्या चिरा आणि भोकं यांवरूनच आम्ही हत्ती ओळखतो, त्यामुळे शंका नाही. मी तिच्या आणि आमच्या पिल्लाच्या लिदीचे नमुने डीएनए तपासणीला पाठवलेत.

म्झे विचारतात, कळून काय करणार? नातं जुळलं तर मला एक मुद्दा मांडता येईल. पोटाला चारा नव्हता म्हणून आईचं दूध गेलं असेल, तर पुढच्या दुष्काळात चारा आधी त्या हत्तिणीपुढे पडायला हवा. बाटली तोंडात धरलेल्या पिल्लाच्या फोटोवर देणगी येते, गवताच्या गठ्ठ्यावर कुणी देत नाही. पिल्लू अनाथ व्हायची वाट बघायची आणि मग धावायचं, ही पद्धतच मला खटकते.

म्झेंचा विरोध वेगळा आहे. चारा टाकला की हत्ती वस्तीजवळ ठाण मांडतील, माणसं मरतील, मग हत्ती मारले जातील. आणि वर विचारतात, "हत्तीला गवत आलं, हे मी गाई मेलेल्या शेजाऱ्याला कसं सांगू?" चारा दोघांनाही द्यायचा, असं मी म्हटलं. पैसा कुठून, हे त्यांनी विचारलं. यावर आमचं बोलणं अजून संपलेलं नाही.