पाडेल्याचं बोट

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, फोंड्याच्या आमच्या कॉलेजात प्रदर्शन असतं. मुलांच्या नावावर लागणारे निम्मे प्रयोग आम्ही लॅब असिस्टंटच रात्री बसून उभे करतो. यंदा स्पर्शाने उजळणारी पाटी केली.

तत्त्व जुनं. विजेचं क्षेत्र उलटसुलट होत राहिलं की झिंक सल्फाइडची भुकटी उजळते, हे देस्त्रियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1936 साली दाखवलं. नेहमीच्या पॅनलमध्ये भुकटीच्या खाली-वर इलेक्ट्रोड असतात. इथे वरचा गाळायचा. खाली चांदीच्या पेस्टच्या, एकमेकींत दात घातलेल्या दोन फण्या, त्यांवर बेरियम टायटनेटचा विद्युतरोधक थर, मग तांबं मिसळलेलं झिंक सल्फाइड आणि शेवटी पारदर्शक लेप. त्यावर बोट किंवा पाण्याचा थेंब टेकला की तोच तिसरा इलेक्ट्रोड, आणि तेवढाच भाग हिरवट निळा पेटतो. खोबरेल तेल ओतलं तरी ढिम्म! टायटनेटमध्ये टाचणीच्या टोकाएवढं छिद्र राहिलं की ठिणगी पडून काळा डाग पडतो. शिवाय ओलसर हवेत भुकटी लवकर मरते आणि गोव्यात दुसरी हवा मिळत नाही. पाटी सिलिका जेलच्या डब्यातच ठेवावी लागते.

मुलांची बोटं टेकली की झकास. दुपारी कॉलेजचे नारळ पाडायला आलेला पाडेली डोकावला. "बोट लावा, मामा," मी म्हटलं. त्याने लावलं. काहीच नाही. अंगठा लावला, दाबून धरला; अगदी पुसट. आमचे विभागप्रमुख हसले. तो म्हणाला, "रेशनच्या मशीनवर पण असंच. माझं बोट नाहीच म्हणतं."

ओलं फडकं दिलं, बोट पुसून त्याने परत टेकवलं, तर लख्ख! थोड्या वेळाने सुकलं आणि पुन्हा मंद. सरांचं म्हणणं, व्होल्टेज वाढव. वाढवलं तर बोट न लावताही फण्यांच्या कडा उजळतात आणि भुकटीचं आयुष्य घटतं. पण खुर्चीवरून हे दिसत नाही.

कातडी जाड म्हणून की कोरडी म्हणून? ओलाव्याने फरक पडला हे खरं, पण ओलं झाल्यावर घट्टे मऊ पडून बोट पाटीला नीट चिकटतही असेल. पुढच्या पाडणीला त्याचं आणि एखाद्या विद्यार्थ्याचं बोट एलसीआर मीटरला (विजेचा रोध, धारिता मोजणाऱ्या यंत्राला) लावून, आधी कोरडं मग ओलं, मोजणार आहे. सर म्हणतात, हे अभ्यासक्रमात नाही.