तुम्ही विचारलंत म्हणून : देण्याघेण्याची साडी

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की ओळखीच्या बायका मला हमखास विचारतात, "तुमची खरेदी झालीसुद्धा? एवढ्या निवांत कशा हो तुम्ही?" दारात उभ्या उभ्या याचे उत्तर देता येत नाही, म्हणून लिहीत आहे.

लग्नानंतरची कितीतरी वर्षे मी मुळीच निवांत नव्हते. वसुबारसेच्या आधीचे रविवार लक्ष्मी रस्ता आणि तुळशीबाग यांतच सरत. पैशांची ओढाताण होतीच, पण खरा शीण होता तो बरोबरी सांभाळण्याचा. धाकट्या जावेच्या साडीपुढे थोरलीची हलकी दिसू नये, वन्संनी गेल्या वर्षी जे दिले त्याहून आपले कमी पडू नये, यासाठी मी चक्क एक वही ठेवली होती. अशातच एका पाडव्याला मला जावेकडून साडी मिळाली आणि खोके उलटे केले, तर तळाशी पेन्सिलीने लिहिलेले 'वन्सं' असे माझेच अक्षर दिसले. चार वर्षांपूर्वी अदलाबदल होऊ नये म्हणून मी ते लिहिले होते. साडीची घडीही मोडलेली नव्हती. ती कोणालाच नको होती, तरी आम्ही सगळ्याजणी तिच्यासाठी दमलो होतो.

पुण्यातल्या अनेक घरांप्रमाणे आमच्याकडेही भाऊबीज निधीची पावती फाडली जाई. महर्षी कर्वे यांनी १८९६ साली सुरू केलेली आणि पुढे हिंगण्याला वाढलेली स्त्रीशिक्षणाची संस्था हा निधी गोळा करते. तिच्या सेविका घरोघर येतात, आणि तिथे शिकणाऱ्या मुलींना बहीण मानून आपण ओवाळणी घालायची, अशी त्यामागची कल्पना आहे. मला ती आजही फार सुंदर वाटते. मात्र सगळी खरेदी आटोपल्यावर जे उरेल, त्यातून आम्ही ती पावती घेत असू. त्या वर्षापासून मी क्रम उलटा केला : आधी निधी, मग बाकीचे. जावांना, वन्संना आणि दोन्ही भावांना घरी जाऊन सांगितले की, मोठ्यांनी एकमेकांना वस्तू देणे थांबवू आणि ती रक्कम ज्याला जी संस्था जवळची वाटेल तिला देऊ. वन्सं दुखावल्या, हे मान्य केले पाहिजे. माहेरची साडी ही त्यांच्यासाठी केवळ वस्तू नव्हती. त्यांची साडी मी आजही घेते, पण त्यांना बरोबर नेऊन, त्यांच्या पसंतीची.

मुलांचे कपडे सुटलेले नाहीत. कामाच्या मावशींचा बोनसही मी या हिशेबात धरत नाही, कारण तो त्यांच्या कष्टांचा हक्क आहे आणि त्याला दान म्हणणे मला अन्यायाचे वाटते. प्राप्तिकरातल्या सवलतीविषयीही विचारणा होते. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना ती मिळू शकते, परंतु दोन हजारांहून अधिक रक्कम रोख दिल्यास मिळत नाही, म्हणून मी धनादेशच देते.

संस्थेला दिलेल्या पैशांची परतफेड कोणी करत नाही, त्यामुळे बरोबरीचा प्रश्नच उरत नाही आणि वहीचीही गरज पडत नाही. माझ्या निवांतपणाचे कारण एवढेच आहे. गेल्या भाऊबीजेला थोरल्या भावाने ओवाळणी म्हणून तबकात माझ्या नावाने घेतलेली पावती ठेवली. निरांजनाशेजारचे ओले कुंकू तिच्या कोपऱ्याला लागले. ती मी तशीच जपून ठेवली आहे.